किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच का पडतो?

जयनगरच्या बाजारात बांगडे निवडणाऱ्या गृहिणीपासून मंगळूरचा समुद्र साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. पण पावसाळा सरताना त्या बाजूला हजारो मासे मरून किनाऱ्याला लागल्याची बातमी वाचली, की तिलाही प्रश्न पडतोच : आता मासे आणावेत की नाही?

अशा वेळी पहिला संशय कारखान्यांच्या सांडपाण्यावर जातो. तो दर वेळी खोटाच असतो असे नव्हे, पण हा प्रकार कारखान्यांहून जुना आहे. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी 1917 सालीच मलबार व दक्षिण कानडा किनाऱ्यावरील अशा मृत्यूंबद्दल लिहिले आणि दोष पाण्यात बेसुमार वाढलेल्या एकपेशीय जीवांना दिला. पुढे 1959 साली कॅरुथर्स, गोगटे आदी संशोधकांनी मुंबईसमोरच्या समुद्रात आणखी एक कारण दाखवले : प्राणवायूची टंचाई.

पावसाळ्यात किनाऱ्यालगतचे वरचे पाणी आत समुद्रात सरकते व खालचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी त्याची जागा घेते. त्यावर नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याची साय धरते, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोहोचत नाही. त्यातच मेलेले सूक्ष्म जीव तळाशी कुजतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांना 1999 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाच्या पाण्यात सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही आढळला. शेतांतून वाहून येणारी खते ही स्थिती बिघडवत असावीत, असे त्यांचे मत. म्हणजे माणूस यातून अगदीच सुटत नाही.

तपास अवघड होतो तो वेळेमुळे. बातमी छापून येईपर्यंत वारा फिरतो, पाणी बदलते, मासे कुजतात. मग प्रयोगशाळा तरी काय सांगणार? म्हणून मासे तडफडत असतानाच तळाचे पाणी घ्यावे लागते आणि एरवीचीही मोजमापे हाताशी लागतात. गोव्यात कांदोळीसमोर 1997 पासून अशा नियमित नोंदी सुरू झाल्या.

आता स्वयंपाकघराचे. किनाऱ्याला मरून लागलेला मासा ताजा दिसला तरी घरी आणू नये. तिसऱ्या-शिंपल्यांबाबत अधिक जपावे, कारण काही सूक्ष्म जीवांचे विष त्यांच्यात साठते आणि उकळूनही जात नाही. 1983 साली मंगळूरजवळ कुंबळे येथे तिसऱ्या खाऊन झालेल्या विषबाधेत एक मुलगा दगावला होता.