चीड म्हणा, चिडचिड नव्हे



परवा रातपाळीत सुपरवायझरला सरळ विचारलं, मशिनं वाढवली, मग माणूस का नाही वाढवला? तो हसला. म्हणाला, 'तुम्हा लोकांची चिडचिडच फार.'

तुम्हा लोकांची! मी गप बसलो. पाळी सुटेस्तोवर तुटले धागे सांधत होतो, आणि तो शब्द डोक्यात भोंग्यागत वाजत होता.

मी नववीत शाळा सोडली. व्याकरण कुणी शिकवलं नाही. पण धागा कुठं तुटला ते बोटाला कळतं. 'अन्यायाची चीड येते' म्हणा. 'ची' कुणाला लागला? अन्यायाला. आता म्हणा, 'कामगाराची चिडचिड होते'. 'ची' कुणाला लागला? कामगाराला. एक शब्द बदलला की गुन्हेगार वाक्यातनं पसार, त्याच्या जागी आपण उभे! चीड दोनदा म्हटली तर दुप्पट होत नाय, तिची किरकिर होते. त्यांचा तो संताप, आपली ती चिडचिड. जास्त बोललो की चिडखोर. म्हंजे भांडखोर, हरामखोर यांच्या पंगतीला.

मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचं दार आपल्या बापजाद्यांना बंद होतं. पगार तिथं जास्त. पण धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. खात्याचं नाव घेतलं, कारणाचं नाव घेतलं, मागणी केली. याला म्हणायचं चीड. तिला पत्ता असतो.

आता माझं सांगतो. त्याच सकाळी घरी आलो. बायको म्हणाली, दोन दिस नळाला पाणी नाय. मी खेकसलो, 'कशाला चिडचिड करतेस?' ती म्हणाली, 'चिडचिड नाय, पाणी नाय.' सुपरवायझर माझ्याच तोंडातनं बोलला होता. गिरणीत गिळलेली चीड मी घरात ओकलो, तीही चुकीच्या माणसावर. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. आपल्या घराघरात हे चाललंय.

तेव्हा कुणी 'चिडचिड' म्हटलं की तिथंच थांबवा. विचारा, कशाची? बाईमाणूस बोललं तर आधी स्वतःला विचारा.

मी आज पाळीला निघालोय. खिशात कागद आहे. मशिनं किती, माणसं किती, खाली आम्हा अकरा जणांच्या सह्या.

त्यात चिडचिड कुठं सापडते, ते त्यानं दाखवावं.