आधी बैठक, मग चाक

रस्त्यावरील अपघातांविषयी लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर वारंवार येतो आणि प्रत्येक वेळी तीच कारणे मोजावी लागतात. भरधाव वेग, मद्यपान, हातातील मोबाइल, आंधळी वळणे, खड्डे आणि भर रस्त्यात ठाण मांडून बसलेली गुरे ही कारणे खरी आहेत आणि ती पुनःपुन्हा सांगणे आमचे कर्तव्यच आहे. २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात प्रत्येक वर्षी अडीचशेहून अधिक माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सर्वांत मोठा आहे, हेही आम्ही विसरत नाही. तथापि आज आम्हांला अशा एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे, की जी पोलिसांच्या पंचनाम्यात सहसा नोंदली जात नाही आणि विधानसभेत जिच्याविषयी प्रश्न विचारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. ती गोष्ट म्हणजे गाडी चालविणाऱ्याची बैठक.

बैठकीचे महत्त्व गोमंतकीयांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. ही गवयांची आणि वादकांची भूमी आहे. शिष्याने षड्ज लावण्यापूर्वी त्याने कसे बसावे, पाठ कशी ठेवावी, हे गुरू पाहतो. तबलजीची बैठक चुकली तर त्याचा हात लवकर थकतो, हे उस्ताद पहिल्या दिवशीच सांगतो. चाकावर बसणारा कुंभार आणि ऐरणीपुढे बसणारा सोनार यांनाही आपापली बैठक बापाकडून मिळते. मात्र ज्याच्या हाती पन्नास प्रवाशांचे प्राण आहेत, त्याने कसे बसावे हे त्याला बहुधा कोणी शिकविलेलेच नसते. वाहनचालन शिकविणाऱ्या संस्थांत क्लच कसा सोडावा, गिअर कसा टाकावा, गाडी मागे कशी घ्यावी, हे शिकविले जाते. पण आधीचा विद्यार्थी उतरला की पुढचा त्याच जागी, त्याच अंतरावर बसतो आणि धडा सुरू होतो. पहिला सहा फूट उंच असो आणि दुसरी पाच फुटांची असो, आसन होते तेथेच राहते.

हा प्रश्न केवळ सुखासीनतेचा असता तर आम्ही त्यासाठी अग्रलेखाची जागा खर्ची घातली नसती. गेल्या काही वर्षांत सरकारने सुरक्षिततेची जी साधने सक्तीची केली, ती सारी योग्य बैठक गृहीत धरूनच बनविलेली आहेत, हा येथील खरा मुद्दा आहे. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन याने तयार केला आणि १९५९ पासून तो गाड्यांत बसू लागला. धक्क्याचा भार छातीच्या आणि कमरेच्या हाडांनी पेलावा, मऊ पोटावर तो येऊ नये, ही त्यामागील कल्पना. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ च्या अखेरपर्यंत शेजारच्या आसनासाठीही ती आली. ही पावले योग्यच होती. परंतु पट्टा आणि एअरबॅग देऊन बसावे कसे हे मात्र कोणी सांगितले नाही.

त्याचे परिणाम सर्वांत अधिक भोगावे लागतात ते ठेंगण्या चालकांना, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. पुढचे नीट दिसावे म्हणून आणि पाय क्लचपर्यंत पोहोचावा म्हणून किती तरी भगिनी आसन पुढे ओढून, पाठ टेकविण्याच्या जागेपासून अलग होऊन, छाती जवळजवळ स्टीअरिंगला लावून गाडी चालविताना दिसतात. एअरबॅग फुगते ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत. त्या क्षणी तिचा जोर विलक्षण असतो आणि पहिल्या काही इंचांत तो सर्वाधिक असतो. म्हणून चालकाच्या छातीचे हाड आणि स्टीअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १० इंच, अंतर असावे, असे या विषयातील तज्ज्ञ सांगतात. हे अंतर नसेल तर जीव वाचविण्यासाठी दिलेली वस्तूच इजा करू शकते. यात त्या भगिनींचा दोष मानणे अन्यायाचे ठरेल. आसन वर उचलण्याची सोय असती तर त्यांना पुढे सरकावेच लागले नसते. पण ही सोय अनेक गाड्यांच्या स्वस्त आवृत्तीत नसते. ती हवी तर लाखभर रुपये अधिक मोजून वरची आवृत्ती घ्यावी लागते आणि तिच्याबरोबर नको असलेला मोठा पडदा आणि चकचकीत चाकेही घ्यावी लागतात. एअरबॅग गरीब-श्रीमंत सर्वांना सक्तीची, पण ती उपकारक ठरावी यासाठी लागणारी बैठक मात्र पैसेवाल्यांची, हा न्याय आम्हांला समजत नाही.

याच्या उलट टोकाला आहेत ती तरुण मंडळी. आसन मागे लोटून, पाठ आरामखुर्चीसारखी कलती करून, एका हाताने चाक धरून जाण्यात त्यांना ऐट वाटते. शर्यतीच्या गाड्या चालविणारे असेच बसतात, असा कित्येकांचा समज आहे. वस्तुतः बंद छताच्या मोटारींच्या शर्यतीत उतरणारे चालक पुष्कळ ताठ आणि चाकाच्या बरेच जवळ बसतात, कारण त्यांना चाक झटकन फिरवावे लागते. लोळून बसलेल्याचे खांदे वळणावर पाठीच्या आधारापासून सुटतात आणि मग तो चाकालाच लटकतो. टक्कर झालीच तर कमरेवरचा पट्टा पोटावर सरकतो आणि शरीर त्याच्याखालून पुढे घसरते. ज्या पट्ट्याने वाचवावयाचे, तोच आतड्यांना इजा करतो.

मग योग्य बैठक कोणती? ती जमविण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत, मात्र क्रम पाळावा लागतो, कारण एक गोष्ट हलली की पुढची बदलते. प्रथम कंबर आसनाच्या अगदी मागे टेकवावी. उंची बदलता येत असेल तर पुढचा रस्ता स्वच्छ दिसेल आणि डोके व छत यांत मूठभर जागा राहील, इतके वर यावे. नंतर क्लच तळापर्यंत दाबून अंतर ठरवावे. तसा दाबला असताही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. क्लच नसलेल्या गाडीत हीच परीक्षा ब्रेकवर उजव्या पायाने करावी. पाय ताठ झाला तर ऐन वेळी पूर्ण जोर लागत नाही आणि धक्का थेट खुब्यापर्यंत पोहोचतो. पाठ काटकोनाहून थोडी मागे असावी. खांदे टेकलेले ठेवून हात पुढे केला असता मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले, तर अंतर बरोबर आहे असे समजावे. स्टीअरिंग खालीवर होत असेल तर ते छातीच्या दिशेने ठेवावे, तोंडाच्या दिशेने नव्हे. डोक्यामागील उशी ही मान टेकून डुलकी घेण्यासाठी नसते. मागून धडक बसली की मान मागे फेकली जाते, ती अडविण्यासाठी ती असते. म्हणून तिची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीत असावी आणि डोक्यापासून ती फार दूर नसावी. पट्टा कमरेच्या हाडांवर आणि खांद्याच्या मध्यावर यावा. गर्भवतीने तो पोटाच्या खालून घ्यावा. हे सारे झाल्यावर, अगदी शेवटी, आरसे लावावेत.

आरसे शेवटी, असे आम्ही मुद्दाम म्हटले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परवान्याच्या परीक्षेत उमेदवाराला काय काय करता आले पाहिजे, याची यादी दिली आहे आणि तिचा आरंभ मागचे दाखविणारा आरसा नीट करण्यापासून होतो. आरशाला हा मान मिळाला हे योग्यच आहे. पण आरसा ज्या डोळ्यांसाठी लावावयाचा, ते डोळे कोठे आहेत हे आसन ठरविते. आसन न पाहता आरसा पाहणे म्हणजे पाया न घालता कौले शाकारण्यासारखे आहे.

आमच्या वाडवडिलांनी तीस-तीस वर्षे गाड्या हाकल्या, त्यांना कोणी बसायला शिकविले होते, असा प्रश्न येथे कोणी तरी विचारीलच. त्याचे उत्तर असे की त्या काळचे रस्ते आणि वेग आज राहिलेले नाहीत. बोरीच्या किंवा चोर्ल्याच्या वळणावर तेव्हाची गाडी धापा टाकीत चढे. आज झुआरीच्या नव्या पुलावरून आणि रुंद झालेल्या महामार्गावरून गाड्या वाऱ्याच्या वेगाने धावतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. ब्रेकवर पाय पुरता पोहोचण्यास अर्धा सेकंद जास्त लागला तर ११ मीटर गेले. रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलाच्या दृष्टीने ११ मीटर म्हणजे काय, हे सांगावयास नको.

आणि वाडवडिलांच्या कमरांची विचारपूसही कोणी केली नव्हती. ज्यांचा चरितार्थ चाकावर चालतो, त्यांच्याकडे आता वळू. स्वीडनमधील आल्फ नाखेमसन या अस्थितज्ज्ञाने १९६० च्या दशकात कण्याच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून तेथील दाब प्रत्यक्ष मोजला. आधाराविना बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसाहून अधिक दाब येतो, असे त्याच्या मोजणीत दिसले. पाठ किंचित मागे कलली आणि कमरेच्या खोलगट भागाला आधार मिळाला की तो दाब कमी होतो, हेही पुढे त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले. आता आमच्या बसचालकाचे आसन डोळ्यांपुढे आणावे. स्प्रिंग वर आलेली, त्यावर दुमडलेले पोते किंवा टॉवेल, आसन सरकविण्याची पट्टी गंजून बसलेली, आणि शेजारी बॉनेटवर कोंबलेले प्रवासी व त्यांच्या पिशव्या. असे दृश्य ज्याने पाहिले नाही असा प्रवासी विरळा. सगळ्याच बसगाड्या अशा असतात असे नाही, पण अशा गाड्या रस्त्यावर आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद पडण्यापूर्वी सांगे आणि सत्तरीच्या वाटांवर खेपांमागून खेपा करणाऱ्या ट्रकचालकांनी अशाच आसनांवर उमेदीची वर्षे घालविली. त्यांच्या खेपा मोजल्या गेल्या, खनिजाचे टन मोजले गेले. त्यांच्या कण्याला बसलेले हादरे कोणी मोजले?

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली, म्हणजे तास मोजण्याची जाणीव कायद्याला साठ वर्षांपूर्वीच झाली होती. २०२५ पासून नव्या मोठ्या मालट्रकांच्या चालककक्षात वातानुकूलनही सक्तीचे झाले. चालक हा घाम येणारा, थकणारा माणूस आहे, हे सरकारने मान्य केले याबद्दल त्याचे अभिनंदन केले पाहिजे. आता त्याला कंबरही आहे, एवढे मान्य व्हावे.

गोव्यापुरता आणखी एक प्रकार आहे. पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे मिरविणाऱ्या गाड्या आठवड्यात चार-पाच हातांतून जातात. किल्ली मिळताच सामान टाकून कळंगुट गाठण्याची घाई असते. आसन आधीच्या गिऱ्हाइकाच्या मापाचे, आरसे त्याच्याच डोळ्यांसाठी लावलेले, रस्ता अनोळखी, आणि तशातच प्रवास सुरू होतो. गाडीवरील ओरखड्यांची छायाचित्रे दोन्ही बाजूंनी काळजीपूर्वक काढली जातात. त्याच वेळी मालकाने आसनाचा दांडा कोठे आहे हे दाखविले तर त्याचे काय बिघडेल?

आमच्या सूचना साध्या आहेत. वाहनचालनाच्या प्रत्येक शाळेचा पहिला धडा इंजिन बंद ठेवून, बैठकीचा असावा. परवान्याच्या परीक्षेत उमेदवाराने आसन, पट्टा आणि आरसे याच क्रमाने नीट केले की नाही, हे निरीक्षकाने पाहावे. त्यासाठी नवा कायदा नको, वाहतूक खात्याचे एक परिपत्रक पुरेल. बसच्या योग्यतेचा दाखला देताना निरीक्षकाने स्वतः चालकाच्या जागी बसून आसन सरकते की नाही ते पाहावे आणि सरकत नसेल तर दाखला रोखावा. आसनाची उंची बदलण्याची सोय प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची करावी, असा आग्रह राज्य सरकारने केंद्राकडे धरावा.

चालकबंधूंनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. मागच्या खिशातील पैशांचे जाड पाकीट बसण्यापूर्वी काढून ठेवा, त्याने कंबर एका अंगाला कलते. पायांजवळ पाण्याची बाटली टाकू नका, ती ब्रेकखाली गेली तर बैठक कितीही चांगली असून उपयोग नाही. घसरत्या उशा आणि सैल चपला टाळा. दोन तासांनी गाडी थांबवून चार पावले चाला. आणि दुसऱ्याने चालविलेली गाडी हाती घेताना, ती स्वतःच्या घरातील माणसाने चालविलेली असली तरी, आसन आपल्या मापाचे करून मगच इंजिन सुरू करा. वाहतूक खात्याचे परिपत्रक केव्हा निघेल ते आम्ही सांगू शकत नाही. पण एवढ्यासाठी त्याची वाट पाहण्याचे कोणालाच कारण नाही.