पोटरीबरोबर पोटाचेही सांगा



आवणीचे दिवस आले की डोकमर्डीत आणि आसपासच्या पाड्यांत एक तक्रार घरोघर ऐकू येते : पोटऱ्या दुखतात. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावल्यावर पाय दुखणारच. तेल चोळावे, विश्रांती घ्यावी. चार दिवसांत उतार पडतो. दुखण्याबरोबर ताप असेल तर मात्र लेप्टोची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आपल्या भातपट्ट्यात हे आता बहुतेकांना ठाऊक आहे.

परंतु आणखी एक दुखणे आहे, त्याकडे आपले लक्ष जात नाही. कित्येक आठवडे जुलाब, शौचातून रक्त व आव, पोटात कळा, वजनात घट, आणि त्यातच पोटऱ्या किंवा मांड्या दुखू लागतात. क्रोन्स व अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या जुनाट रोगांत शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. हा दाह आतड्यापुरता राहतोच असे नाही. पुष्कळदा सांधे धरतात. क्वचित स्नायूंनाही सूज येते. मग बसलेला माणूस हाताचा आधार घेतल्याशिवाय उठू शकत नाही.

अशा वेळी आपण दोन चुका करतो. पहिली चूक लाजेची. डॉक्टरांना पाय दाखवतो, पण शौचातील रक्ताविषयी अवाक्षर काढत नाही. घरातल्या बायका तर हे नवऱ्यालाही सांगत नाहीत. दुसरी चूक औषधाची. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज घेतो. यांतील पुष्कळ गोळ्यांनी आतड्याचा रोग उलट चाळवतो. म्हणजे पायासाठी घेतलेले औषध पोटाला बाधते, आणि आपण दोष देतो जेवणाला!

कोणी म्हणेल, इतक्या क्वचित होणाऱ्या रोगाची चर्चा कशाला? आमचे उत्तर असे की, नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल, सवय मात्र बदलली पाहिजे. पोट व पाय दोन्ही सांगितले, तरच डॉक्टर योग्य तपासण्या करतील. आतड्याचा क्षयही आपल्याकडे आढळतो आणि तो हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. क्षय असताना नुसते स्टेरॉइड दिले तर तो बळावतो. म्हणून आधी निदान, मग औषध. स्टेरॉइड सुरू झाल्यावर मनाने बंद करू नये, आणि मनाने वाढवूही नये. फार दिवस घेतल्यास त्यानेही मांड्या दुबळ्या होतात.

सिल्वासाचे सरकारी रुग्णालय आपल्याला जवळ आहे. २०१९ पासून त्याला वैद्यकीय महाविद्यालयाची जोड आहे. बैल चरेनासा झाला तर आपण त्याचे शेणही पाहतो. मग स्वतःच्या देहाबाबत संकोच कशाला? आवणी दोन दिवस मागे पडली तरी शेजारी हात लावतील. दुखणे मात्र अंगावर काढू नका.