यंत्रास नकार देण्याची विद्या

'घरबसल्या मिळालेली पदवी' हे तीन शब्द आपल्या सुशिक्षित घरांतून ज्या स्वरांत उच्चारले जातात, तो स्वर ऐकिला म्हणजे पदवी ही विद्येबद्दल मिळते कीं बाकावर बसल्याबद्दल मिळते, असा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं. एखादी शिक्षिका दिवसभर पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळून, रात्रीं घरचें सारें आवरल्यावर संगणकापुढें बसते आणि शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयांतील पदव्युत्तर पदवीचा ऑनलाइन अभ्यास करूं लागते, तेव्हां तिच्या वांट्यास दोन प्रकारचे उपदेशक येतात. एक म्हणतात, 'ही पदवी खरी नव्हे. हा वेळेचा व पैशाचा अपव्यय आहे.' दुसरे, म्हणजे जाहिराती देणारे, म्हणतात, 'ही पदवी घ्या. उद्यांची शाळा तुमचीच आहे.' आमच्या मतें हे दोघेही तिची सारखीच दिशाभूल करीत आहेत. पहिल्यांचा आक्षेप चुकीच्या ठिकाणीं आहे आणि दुसऱ्यांचें आश्वासन चुकीच्या गोष्टीचें आहे. या पदवीची खरी किंमत कशांत आहे, हें दोघांनाही ठाऊक नाहीं. आणि त्या विद्येचें फळ ज्यांच्या मुलांच्या पदरांत पडावयाचें, त्या पालकवर्गानेंही तिचा विचार केलेला दिसत नाहीं.

प्रथम तुच्छतावाद्यांचा समाचार घेऊं. दुरून शिकून पदवी घेण्याची चाल काल-परवां संगणकाबरोबर आली, अशी त्यांची समजूत आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८५८ सालीं, लंडन विद्यापीठानें नव्या सनदेन्वयें आपल्या परीक्षा कोणत्याही महाविद्यालयांत न बसलेल्या उमेदवारांस खुल्या केल्या. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठास १९६९ सालीं सनद मिळाली. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालीं व नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं निघालें. आपल्या मध्यमवर्गांतील कितीतरी कुटुंबांत कोणी ना कोणी 'बहिःस्थ' म्हणून परीक्षा देऊन कारकुनाचा हेडक्लार्क किंवा शिक्षकाचा मुख्याध्यापक झालेला आहे, आणि त्याच्या पदवीची चौकट भिंतीवर लावतांना घरांत कोणास संकोच वाटलेला नाहीं. कायद्याची गोष्ट म्हणाल तर, विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२० सालीं दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नियम केले, आणि २०२२ सालीं सूचना काढून, मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीशीं समकक्ष मानली जाईल, असें स्पष्ट केलें. त्याच आयोगानें २०२३ सालीं, मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांच्या पदव्या देऊं करणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहण्याचा इशाराही दिला. तेव्हां खोटें नाणें बाजारांत आहेच. परंतु खोटें नाणें आहे म्हणून खरेंही फेकून द्यावें, असा व्यवहार कोणी करीत नाहीं. नाणें वाजवून घ्यावें लागतें, एवढेंच.

'पण गुरूचें सान्निध्य कोठें आहे?' हा त्यांचा पुढील आक्षेप. गाणें शिकावयाचें असेल, शस्त्रक्रिया शिकावयाची असेल, तर हा आक्षेप आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. परंतु येथें विषयच असा आहे कीं, त्यांतील अंतर ही अडचण नसून अभ्यासाची वस्तु आहे. यंत्राच्या द्वारें, समोर न दिसणाऱ्या विद्यार्थ्यास कसें शिकवावें, हें ज्याला शिकावयाचें, त्यानें स्वतः तो न दिसणारा विद्यार्थी होऊन पाहणें, हें त्याचें पहिलें प्रात्यक्षिक होय. एडिंबरो विद्यापीठांत हाच विषय दुरून शिकविणाऱ्या अध्यापकांनीं २०११ सालीं एक जाहीरनामा काढून, अंतर ही उणीव न समजतां तो एक गुण समजावा, असा पक्ष मांडला. तो पक्ष कोणास अतिरेकी वाटला तरी त्यांत तथ्य आहे. पाठविलेल्या निबंधावर पंधरा दिवस अक्षरही न आल्यास मन कसें विटतें, पाऊण तासाचें ध्वनिचित्रित व्याख्यान कोणत्या मिनिटास असह्य होतें, आणि दूर कोठें तरी बसलेल्या अध्यापकाच्या दोन नेमक्या ओळींनीं पुन्हां अभ्यासास बसण्याचा हुरूप कसा येतो, हें जिनें स्वतः अनुभविलें आहे, ती शिक्षिका आपल्या मुलांवर तोच प्रसंग आणतांना दहादां विचार करील. २०२० च्या मार्च महिन्यांत शाळा बंद झाल्या, तेव्हां असा विचार करण्यास कोणासही सवड नव्हती. पाठ्यपुस्तक मोबाइलसमोर धरून वाचून दाखविणें म्हणजे ऑनलाइन शिक्षण, असें पुष्कळ ठिकाणीं झालें. आणि घरांत मोबाइल एकच, तोही बापाबरोबर कामावर गेलेला, अशी असंख्य मुलांची स्थिति झाली. दोष शिक्षकांचा नव्हता; त्यांना ही विद्या कोणी शिकविलीच नव्हती.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरीं लिहिलेला निबंध विद्यार्थ्यानें लिहिला कीं त्याच्या भावानें, हा संशय पूर्वींही होता. आतां तर कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें मागाल तसा निबंध क्षणांत लिहून देतात. हें खरें आहे. परंतु महाविद्यालयाच्या बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्यासही तेंच यंत्र तोच निबंध लिहून देतें, हें आक्षेपक विसरतात. रोग घराचा नव्हे, परीक्षेचा आहे. ज्या अभ्यासक्रमांत तोंडी परीक्षा आहे, ज्यांत विद्यार्थिनीस आपल्याच वर्गांतील एक पाठ आखून, तो शिकवून, मुलांस तो कितपत कळला याचा पुरावा परीक्षकांपुढें मांडावा लागतो, तेथें यंत्र तिच्या ऐवजीं उत्तरें देऊं शकत नाहीं. कारण तिच्या वर्गांत तें कधीं उभें राहिलेलें नसतें. नोकरी करणाऱ्या शिक्षकास ऑनलाइन पदवीचा मोठा लाभ आहे तो हाच: त्याची प्रयोगशाळा त्याच्यापाशींच असते. नोकरी सोडून दोन वर्षें शहरांत जाऊन राहणाऱ्यास ती मागें ठेवून जावें लागतें.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. हा पक्ष गोड बोलतो, म्हणून अधिक घातक. शिक्षणांत यंत्र आलें कीं शाळा पालटणार, हें भविष्य शंभर वर्षांहून जुनें आहे. १९१३ सालीं थॉमस एडिसन यानें चलच्चित्राच्या भरंवशावर असें भाकीत केलें होतें कीं, शाळांतून पुस्तकें लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत शिक्षणपद्धति समूळ बदलेल. तीं दहा वर्षें १९२३ सालीं संपलीं. पुस्तकें अद्याप आहेत. पुढें रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली. १९७५-७६ सालीं आपल्या देशांत सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांस उपग्रहाच्या द्वारें दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. तो मोठ्या निष्ठेनें केलेला होता. परंतु उपग्रह अमेरिकेकडून एका वर्षाच्या बोलीनें घेतलेला, आणि वर्ष भरतांच तो गेला. २०१३ सालीं लॉस एंजेलिसच्या शाळाखात्यानें प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातीं आयपॅड देण्याची, सुमारें १३० कोटी डॉलरांची योजना आरंभिली. मुलांनीं थोड्याच दिवसांत त्यांवरील बंधनें झुगारून दिलीं, आणि पुढील वर्षीं तो करार थांबवावा लागला. पेरू देशानें आठ लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांसाठीं घेतले. ३१९ ग्रामीण शाळा पाहून २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, गणितांत व भाषेंत त्या मुलांची प्रगति इतरांहून वेगळी झाली नाहीं. यंत्र दर वेळीं नवें; आश्वासन मात्र तेंच.

यावरून यंत्रच निरुपयोगी, असा निष्कर्ष जे काढतील तेही चुकतील. दिल्लींत 'माइंडस्पार्क' नांवाच्या संगणकीय अभ्यासाची ६१९ मुलांवर पाहणी झाली. शाळेच्या वेळेबाहेर त्या केंद्रांत येण्याची संधि ज्या मुलांस मिळाली, त्यांस साडेचार महिन्यांत गणितांत व हिंदींत स्पष्ट लाभ झाला, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत दाखविलें आहे. गुजरातेंत ज्ञानशाळा या संस्थेच्या वर्गांत संगणकीय पाठ दोन प्रकारें वापरून पाहिले. शाळेनंतर जादा म्हणून जेथें वापरले, तेथें मुलांचा फायदा झाला. शिक्षिकेच्या शिकविण्याचा वेळ काढून घेऊन जेथें वापरले, तेथें मुलें मागें पडलीं. फरक इतकाच कीं, यंत्र कोणाच्या जागीं बसविलें. दिल्लीच्या प्रयोगाची खुबीही पडद्याच्या झगमगाटांत नव्हती. सातवींतील मूल वस्तुतः चौथीच्या पायरीवर उभें असेल, तर त्याला त्याच पायरीवरचें गणित द्यावें, हा त्यांतला विचार. आणि हा विचार शिक्षणशास्त्राचा आहे, विजेचा नव्हे. रिचर्ड क्लार्क या अमेरिकन अध्यापकानें १९८३ सालींच बजावलें होतें कीं, माध्यम हें माल वाहणाऱ्या गाडीसारखें आहे. गाडी बदलल्यानें अन्नाचा कस वाढत नाहीं. रॉबर्ट कोझ्मा यानें पुढें त्याचें खंडन करण्याचा प्रयत्न केला, आणि त्या वादानें या शास्त्रास धार आणली. असे वाद, असे प्रयोग आणि असे पुरावे वाचून त्यांचा अर्थ लावतां येणें, म्हणजे शैक्षणिक तंत्रज्ञान. संगणक चालवावा कसा, हें शिकण्यास पदवी नको. शेजारचा मुलगा तें फुकट शिकवील.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, या पदवीची कसोटी एकच: यंत्रास नकार देण्याचें सामर्थ्य. यंत्र कोठें नको हें ज्या शिक्षकास सांगतां येत नाहीं, त्याला तें कोठें हवें हेंही खरोखर कळलेलें नसतें. औषध केव्हां देऊं नये हें ज्याला ठाऊक नाहीं, तो वैद्य नव्हे, औषधविक्या होय. आणि बाजारांतील पुष्कळ अभ्यासक्रम वैद्य न घडवितां औषधविकेच घडवितात. या महिन्यांत हें सॉफ्टवेअर, पुढच्या महिन्यांत तें, आणि पदवी हातीं येईपर्यंत त्यांतलीं कित्येक जुनीं झालेलीं! अशा अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यापूर्वीं चार गोष्टी विचाराव्या. त्यांत संशोधन वाचावयास व त्यांतले दोष काढावयास शिकवितात काय? स्वतःच्या वर्गांत प्रयोग करून तो फसला, तर तसें प्रांजळपणें लिहिणाऱ्यास गुण आहेत काय? लिहिलेल्या निबंधावर जाणत्या माणसाचा अभिप्राय येतो काय? आणि मुलांच्या खासगी माहितीचा विचार त्यांत आहे काय? २०२३ सालीं आपल्या देशांत झालेल्या कायद्यानें १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास आईबापांची संमति आवश्यक ठरविली. पण संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वीं त्याचा अर्थ समजावून सांगणारें शाळेंत कोणी तरी नको काय? या चारांपैकीं तीन प्रश्नांस नकारार्थीं उत्तर मिळालें, तर पदवी कितीही मोठ्या विद्यापीठाची असो, तिचे पैसे वाचवावे.

पण अशी विद्या खरोखर मिळवून आलेल्या शिक्षिकेचें आपण करतों काय? पुष्कळ ठिकाणीं तिला पडद्यामागच्या तारा जोडावयास लावतात, स्नेहसंमेलनाचें चित्रीकरण सोंपवितात, प्रवेशाच्या हंगामांत शाळेच्या जाहिराती करावयास बसवितात. आणि लाखों रुपयांचें सामान ज्या सभेंत ठरतें, त्या सभेस मात्र तिला बोलावीत नाहींत. तेथें विक्रेता असतो, चालक असतात, चहाफराळ असतो. 'यानें मुलें अधिक शिकतात याचा पुरावा कोठें आहे?' असें विचारणारें कोणी नसतें. ही स्थिति केवळ आपलीच आहे असें नव्हे. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक अहवालांत नमूद आहे कीं, अमेरिकेंतील १७ राज्यांत शिक्षक व शाळाधिकारी यांस विचारलें असतां, असें साधन घेण्यापूर्वीं तज्ज्ञांनीं तपासलेला पुरावा मागणारे शेंकडा ११ च निघाले. समृद्ध देशांत हा प्रकार, तर जेथें मुलाची फी भरण्यासाठीं बापास पतपेढीचें कर्ज काढावें लागतें, तेथें त्या पैशाचा रखवालदार कोण?

घरच्या मंडळींसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. सुनेनें किंवा मुलीनें हा अभ्यास आरंभिला कीं 'पगार कितीनें वाढेल?' हा पहिला प्रश्न होतो. कदाचित् एका रुपयानेंही वाढणार नाहीं. परंतु तिच्या हाताखालून दरसाल जीं पन्नास-साठ मुलें जातात, त्यांच्या आयुष्यांतील एक वर्ष निरर्थक पडदा पाहण्यांत जाऊं नये, एवढें साधलें तरी दोन वर्षांच्या रात्री सार्थकीं लागल्या. तोंपर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला, तर घराण्याच्या प्रतिष्ठेस धक्का बसत नाहीं.

राहतां राहिले पालक. शाळा निवडतांना पडदा केवढा आहे व संगणक किती आहेत, हें विचारण्याची आपणांस संवय लागली आहे, आणि शाळाही आपणांस तेंच दाखवितात. येत्या पालकसभेंत एक निराळा प्रश्न विचारून पाहा: 'आपल्या शाळेनें गेल्या पांच वर्षांत कोणतें यंत्र घेण्याचें नाकारलें, आणि कां?' या प्रश्नास कारणांसह उत्तर देणारें कोणी उभें राहिलें, तर त्या शाळेंत तुमचें मूल निर्धास्तपणें ठेवा. सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागले, तर पुढच्या पडद्याची वर्गणी देण्यापूर्वीं त्याच पैशांतून शाळेंतील एका हुषार शिक्षिकेची दोन वर्षांची फी भरावी, असा ठराव मांडा. पडदा कांहीं वर्षांनीं भंगारांत जाईल. ती शिक्षिका नकार द्यावयास शिकून आलेली असेल.