मानपानात मोडलेली मॅच

24 ऑक्टोबर 2018 ही तारीख आमच्या घरात अजून निघते. त्या दिवशी भारत-वेस्ट इंडिज वनडे इंदूरला व्हायची होती. मी तेव्हा आठवीत होते. काका एका सरकारी ऑफिसात आहेत (कुठल्या ते विचारू नका), त्यांनी पास आणतो म्हणून कबूल केलं होतं. मी वर्गात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं, आणि ते फार महागात पडलं. कारण मॅच इंदूरहून उचलून विशाखापट्टणमला नेली.

मग ती आम्ही टीव्हीसमोर जमिनीवर बसून पाहिली. विराट कोहलीने तिथे वनडेतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या, तेही 205 डावांत, सचिनपेक्षा 54 डाव आधी. नाबाद 157. भारताच्या 321. आणि शेवटच्या चेंडूवर शाय होपने चौकार मारून वेस्ट इंडिजच्याही 321 केल्या. टाय! असली मॅच शहराच्या नशिबात वीस वर्षांतून एखादी येते. आपल्या गावाची ती दारापर्यंत येऊन परत गेली. पाऊस नव्हता, खेळपट्टीही खराब नव्हती. (खराब खेळपट्टीचा मान आपण आधीच मिळवून ठेवला आहे. 1997 च्या ऐन नाताळच्या दिवशी नेहरू स्टेडियमवर श्रीलंकेविरुद्धची वनडे तीन षटकांत थांबवावी लागली होती.) 2018 ची मॅच गेली ती पासांवरून. फुकट पासांवरून.

हिशेब असा होता. लोढा समितीच्या शिफारशींनंतर क्रिकेट मंडळाची नवी घटना आली आणि नियम झाला, की 90 टक्के तिकिटं लोकांना विकायची, फुकट वाटायची ती फक्त 10 टक्के. होळकर स्टेडियममध्ये माणसं मावतात साधारण 27 हजार. त्यातलं पॅव्हेलियन, म्हणजे जिथे पाहुणचार चालतो तो भाग, सात हजार खुर्च्यांचा. त्याचे दहा टक्के म्हणजे सातशे. त्या सातशेतले अर्धे मंडळाने आपल्या पाहुण्यांसाठी, प्रायोजकांसाठी मागितले. मध्य प्रदेशची संघटना म्हणाली, मग आमच्याकडे राहणार साडेतीनशे. आमचे सदस्य आहेत, सरकारी खाती आहेत, त्यांना काय देऊ? दोघं अडून बसले. मॅच गेली.

साडेतीनशे खुर्च्यांपायी 27 हजारांची मॅच गेली! आजोबांनी पेपर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अरे, हे तर लग्नातलं मानपान झालं. विहिणीला पैठणी कमी प्रतीची दिली म्हणून वरात परत." मला तेव्हा फक्त रडू येत होतं. आता वाटतं, याहून नेमकं तेव्हा कुणीच बोललं नव्हतं. त्या लग्नात नवरा-नवरीला कुणी विचारलं नाही, आणि जेवायला आलेल्या गावाला तर नाहीच नाही.

आपल्याकडे असं पहिल्यांदा झालेलं नाही. मुंबईला ब्रेबर्न आणि वानखेडे ही दोन स्टेडियमं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर का आहेत, असा प्रश्न लहानपणी मला पडला होता. उत्तर तेच, खुर्च्या. ब्रेबर्न सीसीआय या क्लबाचं. कसोटी असली की मुंबईच्या क्रिकेट संघटनेला किती तिकिटं द्यायची यावरून दरवेळी वाद. शेवटी संघटनेने 1974-75 मध्ये आपलं स्वतःचं स्टेडियमच बांधलं. रुसलेल्या पाहुण्याने शेजारी दुसरा मांडव घातला, असं म्हणा. मुंबईकडे जागा नसली तरी पैसा होता. आपल्याकडे वर्षा-दोन वर्षांनी एखादी मॅच येते, आपण कुठला दुसरा मांडव घालणार?

यावर कुणी म्हणेल, की आपल्या इंदूरच्या क्रिकेटचा पायाच मुळी पाहुणचारावर उभा आहे. खरं आहे. सी. के. नायडू नागपूरचे. 1923 मध्ये होळकरांनी त्यांना इथे बोलावलं आणि आपल्या फौजेत कॅप्टन केलं. पुढे होळकरांच्या संघात मुश्ताक अली आपल्या गावचेच, शिवाय सरवटे, जगदाळे, निंबाळकर, हिरालाल गायकवाड. चार वेळा रणजी करंडक. महूच्या छावणीत इंग्रज फौजेबरोबर आलेला डेनिस कॉम्प्टनसुद्धा होळकरांकडून खेळला आणि 1945 च्या अंतिम सामन्यात ब्रेबर्नवर मुंबईविरुद्ध नाबाद 249 धावा करून बसला. त्याची एक गोष्ट सांगतात. एका धनिकाने त्याला म्हणे शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेवर बक्षीस कबूल केलं होतं; डाव संपल्यावर पाहतात तर शेठजी कामानिमित्त गाव सोडून गेलेले. म्हणजे कबूल करून गायब होणारे यजमान तेव्हाही होतेच.

आजोबांच्या लहानपणी, 1946 मध्ये, यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरविरुद्ध होळकरांनी 8 बाद 912 केल्या. एका डावात सहा जणांची शतकं. आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांचे वडील संस्थानच्या दफ्तरात कारकून. ते सांगतात, शामियान्यात मानकरी, सरदार, गोरे साहेब. आणि दोरीच्या बाहेर सतरंजीवर आम्ही, डब्यात पोळी आणि गूळ. शामियान्याचा कधी राग नाही आला का, असं मी विचारलं. म्हणाले, "राग कशाचा? तेही बघत होते, आम्हीही बघत होतो."

मी याला फार सोन्याचा मुलामा देणार नाही. तो शामियाना रयतेच्याच पैशातून उभा होता, आणि सतरंजीवर बसणाऱ्याला तिकडे पाऊल टाकायची सोय नव्हती. पण "तेही बघत होते" हे वाक्य माझ्या डोक्यात राहून गेलं. त्याचा अर्थ मला पाच वर्षांनी कळला, ट्रे हातात असताना.

24 सप्टेंबर 2023, भारत-ऑस्ट्रेलिया. मी फर्स्ट इयरला. एका केटररला एक दिवसासाठी मुलं-मुली हवी होती. काळी पँट, पांढरा शर्ट, केस बांधलेले, गळ्यात कार्ड. मला एका कंपनीच्या बॉक्समध्ये लावलं. आत एसी, समोर काच, काचेबाहेर दोन रांगा खुर्च्यांच्या, आत एका भिंतीला बुफे आणि दुसऱ्या भिंतीवर मोठा टीव्ही. खोटं कशाला सांगू, माणसं चांगली होती. दोन-तीन जण दर वेळी थँक्यू म्हणत होते. पण बाहेरच्या खुर्च्यांवर बसलेलं असं जवळजवळ कुणीच नव्हतं. ऊन होतं, आवाज होता, आणि आत गरम कचोऱ्या आणि कामाच्या गप्पा होत्या. कुणाची कुठली ऑर्डर, कुणाची बदली, कुणाच्या मुलीचं ॲडमिशन.

गिलचं शतक झालं, श्रेयसचंही झालं. मग सूर्यकुमार आला. चहाची वेळ, मी काचेकडे तोंड करून बुफेच्या मागे उभी. कॅमेरॉन ग्रीनचं षटक. पहिला षटकार मी डोळ्यांनी पाहिला. सगळं स्टेडियम उसळलं. आतले लोक दचकले आणि वळले, पण वळले ते टीव्हीकडे! कारण टीव्हीवर चित्र काही सेकंद उशिरा येतं. बाहेर आरोळी झाली, की मग आत षटकार दिसणार, हे त्यांना दुपारभरात पाठ झालं होतं. दुसरा षटकार, पुन्हा तेच. तिसरा. चौथा. सलग चार. खरा चेंडू त्यांच्या पाठीमागून काचेपलीकडे जात होता आणि ते हातात प्लेट धरून त्याची शिळी नक्कल पाहत होते. एकाने मलाच विचारलं, "कितवा हा?" मी म्हटलं, "सर, चौथा." त्यांनी टीव्हीवर अजून तिसराच पाहिला होता.

घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, "विकत पाहिलीस की फुकट?" मी म्हटलं, "पैसे घेऊन पाहिली." फार हसले.

हा किस्सा मी आपल्या मंडळाच्या बैठकीत सांगितला तेव्हा कॉमर्सचा एक मित्र चिडला. म्हणाला, "अगं, बॉक्सवाला रोकडा मोजतो. त्याने बघावं नाहीतर झोपावं. तुला मिरच्या का झोंबतात?" त्याचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. बॉक्स विकला जातो, त्याचे पैसे येतात, त्यातून मैदान राखलं जातं, पोरांच्या स्पर्धा होतात. 27 हजारांचं स्टेडियम नुसत्या स्वस्त तिकिटांवर चालत नाही. लग्नाचा खर्च करणारा मामा पंगतीत पुढे बसला तर बसू दे. माझं भांडण बॉक्सशी तेवढं नाही, जेवढं त्याच्या शेजारच्या फुकट पासाशी आहे. 2018 ची मॅच कुठल्या कंपनीने घालवली नाही. ती घालवली ज्यांनी एक रुपया भरला नव्हता त्यांच्या यादीने.

आणि त्या यादीत आमचे काका होते. म्हणजे मी होते. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

पास मिळण्यात नुसते पैसे वाचत नाहीत हो. आमच्या काकांना तिकीट परवडत नाही असं नाही. पण विकत घेतलेलं तिकीट कुणालाही मिळतं. पास आपल्याला कुणीतरी ओळखतं म्हणून मिळतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, "कुठे बसला होता?" या प्रश्नाला "पॅव्हेलियन" असं उत्तर देता येतं. मानपान ते हेच. त्याला भूक नसते, म्हणून ते कधी भरतही नाही. दहा टक्क्यांचा नियम वीस टक्क्यांचा केला तरी यादी लांबेलच.

माझी मागणी तशी साधी आहे. प्रत्येक मॅचनंतर संघटनेने सांगावं, की इतके पास निघाले, इतके या खात्याला, इतके त्या खात्याला. नावं नकोत, नुसते आकडे. लग्नात आहेराची यादी ठेवतात, तशी. बंदोबस्ताला उन्हात उभा असलेला शिपाई आणि त्याच्या साहेबाचा मेव्हणा हे एकाच खात्याच्या नावावर मोडतात, ते निदान आकड्यांत तरी कुठेतरी दिसू दे. आणि दहा टक्क्यांतला काही भाग आधीच बाजूला काढावा: रोलर फिरवणाऱ्या माळ्यांच्या घरच्यांसाठी, जुन्या रणजी खेळाडूंसाठी, ज्या पोरांनी स्टेडियम फक्त रस्त्यावरून पाहिलंय त्यांच्या शाळांसाठी. बॉक्सबाहेरच्या त्या दोन रांगांचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही. विकलेली खुर्ची आहे, तिच्यावर दुसऱ्याला बसवता येत नाही. पण चार षटकार झाले तेव्हा त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून माझे पाय खरंच वळवळत होते.

मित्र म्हणाला, पासच्या विरोधात लिहितेस तर आता कधी पास घेऊ नकोस. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. पुढच्या मॅचचे दोन पास होतील असं म्हणत होते, पॅव्हेलियनचे, सावलीतले. आजोबा आता नव्वदीला आले. होळकरांचं नाव असलेल्या या स्टेडियममध्ये ते एकदाही गेलेले नाहीत. गुडघ्यांमुळे साध्या स्टँडच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, आणि मी ऑनलाइन तिकिटासाठी कितीही वेळा रिफ्रेश केलं तरी माझ्या हाती लागणार ती वरची रांग. आजवर त्यांनी पास हा शब्द तोंडातून काढलेला नाही. काल रात्री जेवताना मात्र माझ्याकडे न बघताच विचारलं, "काय गं, त्या पॅव्हेलियनला लिफ्ट आहे का?"