पथ्याचा जुना कागद

परवा शनिवारी काकांकडे गेलो होतो. त्यांच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट. "डाळ कमी, दूध कमी, अंडी-मटण बंद." किडनीचा आजार कळला तेव्हा मिळालेला. काकांचं डायलिसिस सुरू होऊन वर्ष झालं, कागद तोच! आणि काकू तो अगदी निष्ठेने पाळतात.

गंमत म्हणजे तो कागद तेव्हा बरोबर होता. किडन्या थोड्याफार चालतात तोवर प्रथिनं कमी खायला सांगतात, किलोमागे दिवसाला साधारण 0.6 ते 0.8 ग्रॅम. कारण प्रथिनांतून होणारा युरिया बाहेर टाकायचा भार किडनीवरच पडतो. डायलिसिस सुरू झालं की हिशोब उलटतो. युरिया काढायला आता मशीन आहे, पण ते रक्तातली अमिनो आम्लंही घेऊन जातं, एका वेळी साधारण 6 ते 12 ग्रॅम. म्हणून 2020 सालच्या केडीओक्यूआय या अमेरिकन मार्गदर्शक सूचना अशा पेशंटला किलोमागे 1.0 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं सांगतात. 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम! काकांचे दोन वेळचे चार फुलके, पातळ वरण आणि थोडा भात मिळून पंचवीसच्या आसपास भरतात.

आपल्याकडे प्रोजेक्टमध्ये रिक्वायरमेंट बदलली आणि कोणी स्पेक बदलला नाही, तर केवढा आरडाओरडा होतो. इथे अख्खा माणूस बदललाय आणि कागद बदलायला कोणाला वेळ नाही.

"पण वजन टिकून आहे ना!" इति काकू. इथेच तर फसगत होते. लघवी होत नाही, त्यामुळे पाणी अंगात साठतं. स्नायू झिजतात, त्यांची जागा पाणी भरून काढतं आणि काटा तोच आकडा दाखवतो. डॅशबोर्ड हिरवा, सर्व्हर पडलेला. काकांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरतं, ते कोणी बघत नाही. रिपोर्टात अल्ब्युमिन 2.9 आहे, त्याच्यापुढे बाण आहे, तोही कोणी बघत नाही. डायलिसिसवर अल्ब्युमिन कमी असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हे 1990 पासून माहीत आहे. अल्ब्युमिन अंगातल्या सुजेनेही उतरतं, मान्य. मग ते तरी शोधा!

दुसरा आक्षेप, जास्त खाल्लं तर युरिया वाढेल. वाढेल थोडा, मशीन काढेल. उलट डायलिसिसआधीचा युरिया फारच कमी आला तर माणूस नीट जेवतोय का, हे आधी विचारायला हवं. पैसे वाचवायला आठवड्यातलं एक डायलिसिस गाळलं तर मळमळून असलेली भूकही जाते, ते वेगळंच.

याचा अर्थ सगळं पथ्य सोडा असा नाही हं. पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं, त्यामुळे प्रेमाने नारळपाणी पाजायला जाऊ नका. मीठ-पाण्यावरही लक्ष हवंच. पण भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकता येतं. अंड्याच्या पांढऱ्या भागात फॉस्फरस कमी आणि प्रथिनं साडेतीन ग्रॅम. "आमच्याकडे अंडं चालत नाही" म्हणणाऱ्यांसाठी पनीर आहे, डाळ आहे. किती खायचं ते रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञाने ठरवावं.

आणि माझा खरा राग इथे आहे. काका जातात त्या सेंटरला आहारतज्ज्ञच नाही. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागलं. फार चांगलं झालं. पण चार तास रक्त शुद्ध करून माणसाला उपाशी घरी पाठवायचं, याला उपचार म्हणायचे का? डायलिसिसच्या पहिल्या दिवशी जुना कागद काढून घेऊन नवा द्यायला असा काय खर्च येतो?

असो. काकूंना विचारून मी तो कागद काढला. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट घेऊन बाहेरच्या आहारतज्ज्ञाकडे जातोय. तुमच्या घरी कोणी डायलिसिसवर असेल तर आज एवढंच करा, फ्रिजवरच्या कागदाची तारीख बघा.