वाट मावळची, मालकी कोणाची?

सह्याद्रीच्या घाटमाथ्याला बिलगून असलेल्या पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तीन खोऱ्यांत पहिला पाऊस स्थिरावला की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. भाताच्या खाचरांत चिखलणी चालू होते आणि पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या रस्त्यांवर मोटारींची रांग लागते. अलीकडे या रांगेत, मोटारीच्या टपावर बांधलेल्या जाड टायरांच्या डोंगरी सायकलीही दिसू लागल्या आहेत. शहरातला तरुण मॉलमध्ये भटकण्याऐवजी घाम गाळत डोंगर चढतो, याचे स्वागतच केले पाहिजे. सायकल धूर सोडत नाही, कर्णे वाजवत नाही. शरीर कमावणाऱ्या तरुणाईला नाके मुरडणे हा काही आपल्या परंपरेचा स्वभाव नव्हे.

प्रश्न सायकलीचा नाहीच. ती ज्या वाटेवर धावते, त्या वाटेचा आहे. मावळच्या पायवाटा आखून, त्यांवर फलक लावून, तिकीट ठेवून त्यांचे ‘साहसी पर्यटन’ करावे, असे एक मत मांडले जाते. हे सारे विदेशी खूळ आहे, सरसकट बंदी घालावी, असे दुसऱ्या टोकाचे मत आहे. दोन्ही मते एक साधा प्रश्न टाळतात. ही वाट आजवर कोणी राखली आणि उद्या ती कोण राखणार?

वाट म्हणजे मोकळी जमीन नव्हे

मावळची वाट ही नकाशावरची रिकामी रेघ नाही. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी दोन हजार वर्षांपूर्वी याच खोऱ्यांत कोरली गेली. कारण कोकणातील बंदरांतून देशावर जाणारा व्यापार येथून चालत असे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट गावच्या दात्यांची नावे आजही वाचता येतात. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. त्या रांजणामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. वाट वापरणाऱ्याने वाटेचे देणे द्यायचे आणि त्या देण्यातून वाट राखली जायची. घाटपांडे हे आडनाव त्या व्यवस्थेची आजही आठवण करून देते.

वाट राखण्याचे शास्त्रही होते. जुनी घाटवाट डोंगराच्या अंगावर सरळ चढत नाही. ती वळसे घेत, उतार मोडत जाते. अवघड चढावर दगडी पायऱ्या, मोक्याच्या जागी खडकात कोरलेले पाण्याचे टाके आणि घाटाच्या माथ्यावर वाघजाईचे ठाणे असते. लादलेला बैल दमू नये आणि पावसाचे पाणी वाटेत साठून तिचा ओढा होऊ नये, हे दोन्ही त्या आखणीत साधलेले असे. आज डोंगरी सायकलीच्या वाटा बांधणारे जगभरातील तज्ज्ञ जे नियम सांगतात, ते याहून वेगळे नाहीत. वाट डोंगराला आडवी न्यावी, सरासरी चढ शेकडा दहाच्या आत ठेवावा, वाटेला दरीच्या बाजूने किंचित कल द्यावा, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता वाट ओलांडून जाते. विदेशी पुस्तकात छापले की शास्त्र आणि मावळातल्या म्हाताऱ्याने सांगितले की अडाणीपणा, ही मनोवृत्ती आता तरी सुटायला हवी.

हे नियम मोडले की काय होते, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे 4000 मिलिमीटर पाऊस पडतो. बेसॉल्टच्या खडकावरील मातीचा थर पातळ असतो. भिजलेल्या उतारावर करकचून ब्रेक दाबला की चाक घसरते आणि मातीत चरा पडतो. दुसरी सायकल त्याच चऱ्यातून जाते. चऱ्यात पाणी शिरते, चऱ्याची घळ होते, आणि वरची माती खालच्या शेतकऱ्याच्या खाचरात दगडगोट्यांसह येऊन पडते. शनिवार-रविवारची मौज संपलेली असते. सोमवारी खाचरातले दगड वेचायला मात्र त्या शेतकऱ्याचेच घर वाकते. याच पुणे जिल्ह्यात 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. डोंगराचा उतार ही थट्टेची गोष्ट नव्हे, हे सांगायला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

जिथे खेळ जन्मला, तिथला धडा

डोंगरी सायकलीचा खेळ ज्या अमेरिकेत रुजला, तिथेही त्याला मोकळे रान मिळालेले नाही. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, टॅमलपाय पर्वताच्या उतारांवर काही तरुणांनी जुन्या जड सायकली दामटायला सुरुवात केली. दोन दशकांत, 1996 साली अटलांटा येथे, हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला. मात्र त्याच मरीनमध्ये पायी चालणाऱ्यांशी खटके उडाले आणि अनेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. अमेरिकेत 1964च्या कायद्याने संरक्षित केलेल्या निखळ अरण्यांत आजही सायकल नेता येत नाही. उपभोगवादाचे माहेरघर मानला जाणारा देश आपल्या अरण्याची मर्यादा पाळतो. मग देवराईत पायताण घालून न जाणाऱ्या समाजाला मर्यादेचे वावडे का वाटावे?

ब्रिटनमधील वेल्सचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील कोएड-इ-ब्रेनिन या वनक्षेत्रात 1990च्या दशकात खास डोंगरी सायकलींसाठी वाटा बांधल्या गेल्या. पर्यटक आले, नाव झाले. पण वाटा आणि पर्यटक केंद्र शासकीय यंत्रणेच्या हाती राहिले. पैशाची ओढाताण झाली, तेव्हा त्या यंत्रणेने मार्च 2025च्या अखेरीस केंद्रातील उपाहारगृह आणि दुकान बंद केले. हे केंद्र आमच्या हाती द्या, अशी मागणी करण्याची वेळ स्थानिक लोकांवर आली. वाट जिच्या कुशीत आहे त्या गावाला मालकीत वाटा नसेल, तर वाटेचे भवितव्य दूरच्या कार्यालयातील अंदाजपत्रकावर लोंबकळत राहते. सुबत्ता असलेल्या देशात जे घडले, ते मावळात घडणार नाही, असे मानण्याला काय आधार आहे?

दरीने आजवर काय दिले?

मावळच्या दऱ्यांनी शहरांना देताना कधी हात आखडता घेतलेला नाही. वळवण, शिरवता, ठोकरवाडी या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या धरणांनी मुंबईला वीज दिली. शेजारच्या मुळशीत 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी आपली भूमी वाचवण्यासाठी सत्याग्रह केला. तरी धरण झालेच. पवना धरणाने पिंपरी-चिंचवडची तहान भागवली. त्याच पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती महामार्गावर गोळीबार झाला आणि तिघांचे प्राण गेले. पाणी दिले, वीज दिली, महामार्गाला जमीन दिली. आणि आज पवनेच्या काठी काय दिसते? बंगले, तंबू, मध्यरात्रीपर्यंतचा दणदणाट आणि कालपर्यंत मालक असलेल्या बांधावर आज रखवालदार म्हणून उभा राहिलेला माणूस.

उरल्या होत्या त्या पायवाटा. ठाकर आणि कातकरी वनवासी बांधव ज्यांवरून मध, हिरडा, मोळी घेऊन येतात. मुली शाळेला जातात. गुरे रानात चढतात. त्याही ‘ट्रॅक’ म्हणून परस्पर वाटल्या जाणार असतील, तर तो दरीवरचा शेवटचा घाला ठरेल. गर्दीला आवताण द्यायचे आणि व्यवस्था देवावर सोडायची, याचे फळ मावळाने पाहिलेले आहे. 15 जून 2025 रोजी कुंडमळ्यातील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा बळी गेला.

येथे आपल्याच मंडळींनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. 2025च्या जुलैमध्ये लोहगडासह छत्रपतींचे बारा किल्ले जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेले. अभिमानाने छाती फुगली, हे योग्यच झाले. पण गडावर शिवरायांचा जयघोष करून उतरताना पाण्याची बाटली झुडपात भिरकावणारा हात कोणाचा असतो? रयतेच्या भाजीच्या देठालाही धक्का लावू नये, अशी ज्या राजाची शिस्त, त्याचे नाव घेणाऱ्याने मावळ्याच्या बांधावरून सायकल दामटावी, हे कोणत्या स्वराज्यात बसते?

दोहन की शोषण?

भारतीय चिंतनाने निसर्गाशी वागण्याचा एक सोपा निकष दिला आहे. गाईचे दूध काढावे, पण वासराचा वाटा राखून. तिचे रक्त काढू नये. पहिले दोहन, दुसरे शोषण. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी 1965 साली मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले, त्या विचाराच्या मुळाशी व्यक्ती, समाज आणि सृष्टी यांचे हेच नाते आहे. देवराया याच नात्याने राखल्या. कुऱ्हाड नाही, वाळलेली फांदीही न्यायची नाही. त्याला वर्षानुवर्षे अंधश्रद्धा म्हणून हिणवले गेले. पुढे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात या राया अभ्यासल्या, तेव्हा शिकलेल्यांना कळले की अडाणी म्हटलेल्या समाजाने जैवविविधतेची कोठारे सांभाळली होती.

तेव्हा मावळात डोंगरी सायकली जरूर याव्यात, पण दोहनाच्या नियमाने. कोणती वाट द्यायची, हे आधी ग्रामसभेने ठरवावे. देवराई, स्मशान, पाणवठा आणि गडाची तटबंदी यांपासून वाट दूर राहावी. जून ते सप्टेंबर उताराच्या मातीच्या वाटा पूर्ण बंद असाव्यात. धरणीलाही विश्रांती लागते. प्रत्येक स्वाराने देणे द्यावे आणि ते वाटेच्या गावाच्या खात्यावर जमा व्हावे. वाटाड्या, दुरुस्ती करणारा, भाकरी घालणारा गावचाच असावा. दर वर्षी पावसाळ्यानंतर वाटेच्या डागडुजीला स्वारांनी एक दिवस श्रमदान करावे. मगच चाक फिरवावे. हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. 2006च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने आपले जंगल स्वतः सांभाळून दाखवले आहे. गडचिरोलीचा वनवासी जे करू शकतो, ते मावळ्याला का जमू नये?

नाणेघाटाचा दगडी रांजण आज रिकामा आहे. त्यात नाणे टाकल्यावाचून जो वाट ओलांडतो, त्याला पूर्वी चोर म्हणत. आज त्याला पर्यटक म्हणतात. हा शब्द बदलायचा नसेल, तर निदान वर्तन बदलावे लागेल. शासन, सायकलस्वार आणि गाव या तिघांनी मिळून तो रांजण पुन्हा भरता केला, तर मावळच्या वाटा आणखी दोन हजार वर्षे चालत्या राहतील. नाहीतर वाटही जाईल, आणि ती दाखवणारा मावळाही उरणार नाही.